जोखीम राहू द्या, धोका काढा

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तरी एक शब्द सारखा कानावर येतो, "पडशील!" घसरगुंडीवर उलटं चढणाऱ्याला, कट्ट्यावरून उडी मारू पाहणारीला, झाडाच्या पहिल्या फांदीपर्यंत पोहोचलेल्याला, सगळ्यांना तोच इशारा. त्यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. पण मूल कधी पडूच नये अशी व्यवस्था केल्यावर ते काय शिकायचं राहून जातं, याचाही विचार व्हायला हवा.

नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून २००७ मध्ये जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार मांडले. उंचीवर चढणं, वेगाने जाणं, धारदार अवजारं हाताळणं, पाणी-आगीसारख्या गोष्टींजवळ खेळणं, धसमुसळी मस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. यादी नॉर्वेतली असली तरी आपल्या आजी-आजोबांना ती अजिबात परकी वाटणार नाही. सूरपारंब्या, उंच झोका, विट्टी तासायला घेतलेला चाकू, होळीभोवतीची धावपळ, कुस्ती आणि लपंडाव, सहाही प्रकार आपल्याकडे होतेच.

आपल्या बडोद्याचं नाव तर वडावरूनच, 'वटोदर'वरून आलेलं. सूरपारंब्याही वडाचाच खेळ. ज्याच्यावर राज्य, तो लांब फेकलेलं दांडकं आणून रिंगणात ठेवतो आणि झाडावरच्या गड्यांना शिवायला चढतो. बाकीचे पारंबीला धरून खाली उतरतात आणि दांडक्याला हात लावायला धावतात. ही पारंबी माझं वजन पेलेल का, इथून उडी मारता येईल का, हे ठरवायला जेमतेम दोन सेकंद मिळतात, आणि ठरवायचं असतं ते मुलानेच. असा अंदाज बांधायची सवय पुढे रस्ता ओलांडताना, वसतिगृहात एकटं राहताना, एखाद्या मित्राला ठामपणे 'नाही' म्हणतानाही उपयोगी पडते.

भीतीचंही तसंच आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. पाच ते नऊ या वयात पडून दुखापत झालेल्या मुलांना पुढे उंचीची भीती बसली असेल, असं आपण धरून चालू. पण १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उलटे निघाले. अठराव्या वर्षी ज्यांना उंचीची भीती नव्हती, त्यांच्यातच लहानपणी असं पडलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. मुळात धीट मुलंच जास्त चढतात, हेही त्यामागे असू शकतं. तरीही पडल्यामुळे मूल कायमचं भित्रं होतं, हा आपला समज मात्र त्यातून टिकत नाही.

मग मुलांना मोकाट सोडायचं का? नाही. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जोखमीच्या खेळाला पाठिंबा देताना एक फरक स्पष्ट केला, तो जोखीम आणि धोका यांतला. मुलाला जी दिसते, कळते आणि पेलेल की नाही ते ठरवता येतं, ती जोखीम. जो त्याला दिसतच नाही किंवा त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, तो धोका. फांदी किती उंच आहे ही जोखीम. ती आतून कुजलेली असेल, तर तो धोका.

आपल्याकडच्या उत्तरायणात हा फरक चांगला कळतो. मांजाने बोट कापेल, पेच हरला तर रडू येईल, ही जोखीम. त्यासाठी बोटांना चिकटपट्टी लावली की झालं. पण कठडा नसलेली गच्ची आणि बंदी असूनही विकला जाणारा नायलॉनचा मांजा हे धोके आहेत. ते दूर करणं मोठ्यांचं काम. तिथे मुलाच्या 'अनुभवातून शिकण्या'वर काही सोपवायचं नसतं. पाणी, वीज आणि वाहनांची वर्दळ यांनाही हाच नियम.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आपल्या आखाड्यांनी हा समतोल फार पूर्वीच साधला होता. मल्लखांबाच्या वर्गात खांब पक्का रोवलेला असतो, खाली मऊ जमीन किंवा गादी असते, शिकवणारा जवळ उभा असतो. खांबाला पकड मात्र मुलाचीच. शिकवणाराच त्याला धरून ठेवू लागला, तर ते मल्लखांब शिकणार कसं?

घरी सुरुवात बोलण्यातून करता येते. "पडशील" म्हणण्याऐवजी "पुढचा पाय कुठे ठेवणार?" किंवा "उतरायचा रस्ता पाहिलास का?" असं विचारलं की मुलाचं लक्ष भीतीवरून हातापायांकडे वळतं. ते नको म्हणालं, तर ढकलायचंही नाही; "घाबरतोस काय" हा टोमणाही "पडशील"इतकाच निरुपयोगी. सहा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून काकडी चिरायला द्यावी. दहा वर्षांच्या मुलीला सोसायटीतल्या दुकानातून एकटीला दूध आणू द्यावं.

काही गोष्टी मात्र एकट्या आईबाबांच्या हातात नसतात. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. पालकांनी सांगितलेलं मोठं कारण होतं वाहनांची भीती. आपल्या रस्त्यांवर ही भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणूनच रविवारी सकाळी दोन तास सोसायटीचा आतला रस्ता गाड्यांसाठी बंद ठेवता आला, तर बरंच काही होईल. एक-दोन आजोबा कट्ट्यावर बसतील, मुलं आपले नियम आपण ठरवतील, भांडतील आणि मिटवतीलही. पुढच्या सभेत हा विषय मांडायला हरकत नाही. एखाद-दुसरा गुडघा खरचटेल, तेवढी हळद आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.