फळ्यासमोर कोण उभे राहणार?

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत पोरापोरींची वर्दळ वाढते. आम्ही विचारतो, पुढे काय? कोणी एमपीएससी म्हणतो, कोणी पोलीस भरती. आणि यातले काहीच जमले नाही तर? मग ठरलेले उत्तर येते, "नाहीतर बी.एड. करून टाकतो."

या "करून टाकतो"बद्दलच आज आम्हाला बोलायचे आहे. कारण ज्या समाजाने शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरे गिरवली, त्या समाजाची पोरे मास्तरकीला शेवटचा पर्याय समजू लागली असतील, तर चूक फक्त पोरांची नाही. आपली सर्वांची आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतील जवळजवळ सगळे मास्तर एकाच जातीचे असल्याचे त्यांनी तिथे रोखठोक मांडले. शिक्षक शक्यतो शेतकरी, कष्टकरी वर्गातून तयार करा, म्हणजे ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा समजून घेतील, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला पोटापुरता पगार मिळावा, हेही त्यांनी सांगितले. सावित्रीबाईंनी तर आधी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि मगच त्या शाळेत उभ्या राहिल्या. म्हणजे तयारी करून फळ्यासमोर उभे राहायचे, ही आमचीच परंपरा आहे. बाबासाहेबांनीही १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादेत मिलिंदचे महाविद्यालय उभे केले. या महाविद्यालयांतून शिकून कितीतरी जण खेड्यापाड्यांत मास्तर म्हणून गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी आज साहेब झाली आहे. तिच्या पाठीमागच्या पिढीचे काय?

मागे आमच्याकडे एक मुलगी आली. बी.ए., बी.एड. बाप बिगारी कामाला, आई धुणीभांडी करणारी. बी.एड.च्या फीसाठी घरातला होता नव्हता तो दागिना मोडलेला. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या लेकरांना शिकवायचे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. म्हणजे आपले जुने डी.एड.च लागते. ही गोष्ट तिला कॉलेजात कोणी सांगितली नाही, प्रवेश देणाऱ्या संस्थेनेही नाही. दोन वर्षे आणि आईचा दागिना खर्च झाल्यावर तिला ती आमच्या अभ्यासिकेत कळली. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, हे मला बारावीला का नाही कळलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून आधी रस्ता नीट समजून घ्या. लहान मुलांना शिकवायचे असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा म्हणजे टीईटीचा पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. यानंतर भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला पोरे टेट म्हणतात, ती द्यायची आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, यातच निम्मी पोरे गोंधळतात. टीईटी म्हणजे पात्रता, टेट म्हणजे स्पर्धा. टीईटी पास झाले म्हणजे नोकरी लागली, असे समजून पेढे वाटणारेही आम्ही पाहिले आहेत.

आता टीईटीचे पाहा. दीडशे गुणांची परीक्षा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि तरीही आमची हुशार पोरे काठावर नापास होतात. कारण कला शाखेच्या पोरांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो आणि पहिल्या पेपरात गणिताचे तीस गुण असतात. बालमानसशास्त्राचे तीस गुण पाठांतराने मिळत नाहीत, तिथे वर्गातले मूल कळावे लागते. टेटचे गणित आणखी वेगळे. दोनशे प्रश्न, वेळ एकशे वीस मिनिटे. एका प्रश्नाला एक मिनिटही नाही. बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि इंग्रजी यांचा रोजचा सराव नसेल तर परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत काही होत नाही. त्यात या परीक्षेचा नेम नाही. पहिली २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट २०२३ ला आणि तिसरी २०२५ ला. जाहिरात आल्यावर पुस्तक उघडणारा मागेच राहणार. तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच हवी.

विषयाची निवड हा आणखी एक खड्डा. गावाजवळच्या कॉलेजात जे विषय आहेत ते घ्यायचे, मित्राने घेतले ते घ्यायचे, अशी आमच्याकडे रीत. पण बी.एड.ला कोणती अध्यापन पद्धती मिळणार हे पदवीच्या विषयावर ठरते आणि शाळेत कोणत्या जागेवर दावा सांगता येणार हे त्यावर. अठराव्या वर्षी न विचारता घेतलेला विषय पंचविसाव्या वर्षी आडवा येतो. ज्यांना गणित, विज्ञान, इंग्रजी झेपते त्यांनी त्यांना घाबरून पळू नये.

पुढे नियम आणखी बदलत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे. त्याचा प्रवेश बारावीनंतर, राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेतून होतो. म्हणजे या अभ्यासक्रमाला जायचे की नाही, हे सतराव्या वर्षी ठरवावे लागणार. शहरातल्या सुशिक्षित घरात ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आमच्या पोरीला ती कोण देणार?

आता संस्थाचालकांकडे वळू. जागा निघाली की "संस्थेला देणगी" नावाचा आकडा कानात सांगितला जातो, हे काय आम्ही सांगायला हवे? आमच्या एका कार्यकर्त्याने शेत विकून अशी देणगी दिली. मान्यता आलीच नाही आणि शेतही गेले. २०१७ ला पवित्र पोर्टल आले ते या बाजाराला लगाम घालण्यासाठीच. तरी मुलाखतीची वाट खासगी संस्थांना ठेवलेली आहे. मग २०२१ च्या डिसेंबरात टीईटीचाच घोटाळा उघड झाला आणि पुढे सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे देऊन पास होणाऱ्यांच्या यादीमागे रात्ररात्र अभ्यास करणारा आमचा पोरगा उभा होता. या सगळ्यातून पोरांनी एवढेच शिकावे की पैसा देणे हा रस्ता नव्हे, तो फास आहे. अनुदानित खासगी शाळांनाही १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतील नियम ९ प्रमाणे आरक्षण पाळावे लागते. बिंदुनामावली तपासा, माहितीच्या अधिकारात मागा. अनुशेष कुठे दडवला आहे ते कळेल.

निवड झाल्यावरही लगेच पूर्ण पगार नाही. तीन वर्षे शिक्षणसेवक. २००० साली ही योजना आली तेव्हापासून आमच्या कितीतरी पोरांनी तुटपुंज्या मानधनावर संसार मांडले. २०२३ पासून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार झाले. घरच्यांनी हा हिशेब आधीच करून ठेवावा, म्हणजे पोरगा अर्ध्यात सोडून जाणार नाही.

पण परीक्षा पास होणे म्हणजे शिक्षक होणे नव्हे. पाठ टाचण दुसऱ्याचे उतरवून काढायचे, सराव पाठ उरकायचे, आंतरवासितेच्या शाळेत सहीपुरते जायचे, असे बी.एड. करणारा उद्या आमच्याच लेकरांना काय शिकवणार? जो मास्तर मागच्या बाकावरच्या पोराला कधी प्रश्नच विचारत नाही, तो त्याला शाळेबाहेर काढत असतो. हे आपण भोगले आहे. आपला माणूस फळ्यासमोर उभा राहूनही तसाच वागला तर फरक काय पडला?

यासाठी आम्ही एक गोष्ट सुचवतो. खर्च काही नाही. प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या तिसरी-चौथीच्या मुलांचा वर्ग घ्या आणि तो कॉलेजातल्या पोरापोरींकडे सोपवा. हातचा घेऊन वजाबाकी समजावताना ज्याला घाम फुटला, त्याला बालमानसशास्त्राचे पुस्तक आपोआप कळते. शिकवायला आवडते की नाही, हेही फी भरण्याआधीच कळते. ज्याला आवडत नाही त्याने खुशाल दुसरी वाट धरावी, तोही फायदाच.

आणि हे कोण सांभाळणार? नोकरीत असलेले आमचे शिक्षक बंधू-भगिनी. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे अशा शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होण्यास सांगितले. अनेकांची झोप उडाली. मग सर, बाई, घरी एकटे कुढत बसण्यापेक्षा विहारात या. तुम्हाला गणिताचा सराव पोरे देतील, पोरांना वर्गाचा अनुभव तुम्ही द्या. ज्या आरक्षणाने आपण खुर्चीवर बसलो, त्याचे देणे जयंतीच्या वर्गणीने फिटत नाही.

ती मुलगी आता डी.एल.एड.ला आहे. संध्याकाळी विहारातला चौथीचा वर्ग तीच घेते. परवा बारावीची तीन पोरे आली तेव्हा कोणाची वाट न पाहता तिने फळ्यावर दोन्ही रस्ते काढून दाखवले. प्रत्येक वस्तीत असा एक फळा लागला पाहिजे. तुमच्या विहारात तो कधी लागणार?

जयभीम!