उंबर चिरून पाहताना

कुणी बऱ्याच दिवसांनी दिसलं की आपण म्हणतो, ‘काय हो, उंबराचं फूल झालात!’ ते फूल कुणाच्या नजरेस पडत नाही म्हणून. खरं तर ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, काहींनी खाल्लेलंही. खोडाला लगडलेलं ते हिरवं फळ म्हणजे तोंड आवळलेला बटवा, आणि त्याच्या आतल्या अंगाला हजारोंनी बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली. पऱ्याच्या काठचं एक कच्चं उंबर विळीवर मधोमध चिरा आणि भिंगातून बघा.

या बंद बटव्यात पराग जातात कसे? वारा शिरत नाही, मधमाशी मावत नाही. शिरतात ती केंबरं. जेमतेम दोन मिलिमीटर, गांधीलमाशीच्या गोतातली. फळाच्या टोकाशी खवल्यांनी मिटलेलं भोक असतं, त्यातून मादी स्वतःला आत रेटते. या घुसाघुशीत तिचे पंख तुटतात, म्हणजे परतीची वाट संपलीच. आत ती काही फुलांत अंडी घालते, बाकीच्यांवर बरोबर आणलेले पराग पसरते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्लं तयार होतात. आधी बाहेर येतात नर, बिनपंखी. माद्या अजून आपापल्या फुलात कोंडलेल्या असतात, तेवढ्यातच मीलन उरकतं. मग नर फळाच्या भिंतीला भुयार पाडतात आणि त्यांचं आयुष्य संपतं. उजेड बघतात त्या माद्या, अंगावरच्या खिशांत पराग भरून. हाताशी एक-दोन दिवस, आणि शोधायचं असतं दुसरं उंबर, कारण जन्माचं झाड आता पिकायला लागलेलं.

दोन मिलिमीटरचा जीव जाणार तरी किती लांब? आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात उंबराच्याच एका भावंडाची केंबरं वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. म्हणजे रत्नागिरीहून सरळ रेषेत साताऱ्याच्याही पुढे, घाट चढून. आपल्याकडे ‘उंबर फोडून केंबरं काढणं’ म्हणजे नको ते उकरून काढणं. जुन्यांना हा किडा ठाऊक होता. नाक मुरडण्यापलीकडे त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, एवढंच.

केंबरांना बारा महिने कुठेतरी योग्य वयाचं फळ लागतं, म्हणून उंबरं एकाच वेळी पिकत नाहीत. याचा फायदा भलत्यांनाच. भर उन्हाळ्यात, रान कोरडं पडलेलं असताना, धनेशाला हे खाणं मिळतं. कोकणात त्याला कुणी ककणेर म्हणतं, कुणी गरुड. संगमेश्वर, देवरूखकडच्या देवरायांतल्या जुन्या झाडांच्या ढोलीत त्याची मादी स्वतःला कोंडून घेते, विष्ठेने आणि चिखलाने दार लिंपून. उरते ती चोच जाईल एवढी फट. नर दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. त्याच्या ताटात उंबर असतं, वडाची फळं असतात आणि काजराही! काजऱ्याच्या बिया जहाल विषारी. हा पठ्ठ्या गर खातो, बी टाकून देतो.

आता सरपणाच्या नजरेने बघा. काजरा, बेहडा, उंबर ही आपल्याकडे बिनकामाची झाडं. देवराईबाहेर ती पहिल्यांदा तुटतात आणि त्या जागी कलमं नाहीतर काजू येतो. हापूसशी माझं वैर नाही, मीही खातो. पण ढोली पडेल एवढं म्हातारं झाड कलमबागेत कोण ठेवणार? आणि सड्यावर रांगेने लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियात तर मला भर दुपारीही पाखराची चाहूल लागत नाही.

उंबर लावायला नर्सरीतच जावं लागतं असं नाही. जाडसर फांदी पावसाच्या सुरुवातीला ओल्या जागी रोवली तरी बहुधा फुटते. जागा मात्र घरापासून आणि विहिरीच्या बांधकामापासून लांब हवी. मुळं जांभ्यालाही सोडत नाहीत. आमच्या परसात गडग्यापलीकडे रोवलेलं उंबर गेल्या वर्षी पहिल्यांदा लगडलं. आसपास दुसरं उंबर माझ्या तरी माहितीत नाही. एका पिकत्या फळावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. कडा कुरतडलेल्या होत्या, आतून बाहेर.