एअरबॅगचा दिवा विझवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

यवतमाळ : मोटारीच्या डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा पेटला की अनेकदा गाडी ओढेनाशी होते. तेलाचा दिवा पेटला की जाणता चालक गाडी रस्त्याच्या कडेला घेतो. एअरबॅगचा दिवा मात्र महिनोन्‌महिने पेटलेला राहिला, तरी गाडीच्या चालण्यात तसूभरही फरक पडत नाही. आसनावर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात फुगलेला गोळा, असे चिन्ह असलेला हा दिवा दुर्लक्षित राहतो तो यामुळेच. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून यवतमाळहून नागपूर किंवा नांदेडकडे जाणाऱ्या मोटारींचा वेग वाढला आहे. अशा रस्त्यावर हा दिवा पेटलेला ठेवून गाडी चालविणे म्हणजे काय, हे वाहनधारकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

एके काळी एअरबॅग ही महागड्या मोटारींची मिरासदारी होती. १ जुलै २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढे २०२१ मध्ये चालकाशेजारील प्रवाशासाठीही ती बंधनकारक करण्यात आली. त्यामुळे आज ‘एमएच २९’ क्रमांकाच्या साध्या छोट्या मोटारीतही ही यंत्रणा आहे आणि अर्थातच तिचा दिवाही आहे.

किल्ली फिरविल्यावर हा दिवा काही सेकंद पेटतो व आपोआप विझतो. तेवढ्या वेळात गाडीतील एअरबॅगचे नियंत्रक यंत्र आपल्या ताब्यातील प्रत्येक जोडणी तपासून घेते. एअरबॅग फुगविणाऱ्या ठिणगीच्या तारेतून ते अत्यल्प वीजप्रवाह सोडते आणि तिचा विद्युत रोध मोजते. हा रोध साधारण दोन ओहम असतो. तो वाढला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा पिन गंजली आहे, आणि शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असे ते समजते. धडक ओळखणारे सेन्सर आणि धडकेच्या क्षणी सीट बेल्ट आवळून धरणारी यंत्रणा यांचीही तपासणी अशीच होते. ती गाडी सुरू असेपर्यंत चालूच राहते. दोष आढळल्यास त्याची सांकेतिक नोंद करून नियंत्रक दिवा पेटता ठेवतो. धडकेचा निर्णय घेऊन एअरबॅग फुगविण्याचे काम पापणी लवण्याच्याही आत उरकायचे असते. पेटलेल्या दिव्याचा अर्थ एवढाच, की ते काम होईल याची आता शाश्वती नाही. बहुतेक गाड्यांत अशा वेळी ही यंत्रणा पूर्णतः किंवा अंशतः बंद पडलेली असते.

किल्ली फिरविल्यावर दिवा मुळीच न पेटणे हेही तितकेच वाईट लक्षण होय. त्याविषयी पुढे येईलच. शेजारच्या आसनाची एअरबॅग बंद असल्याचे दाखविणारा दिवा मात्र काही गाड्यांत वेगळा असतो. आसन रिकामे असताना तो पेटला तर तो दोष नव्हे.

दिवा पेटण्याचे मूळ पुष्कळदा पुढील आसनाखाली सापडते. सीट बेल्टच्या खटक्याच्या आणि आसनातील एअरबॅगच्या तारा तेथून जातात. त्यांचे पिवळे कनेक्टर सहज ओळखू येतात. आसन मागेपुढे सरकविताना या तारा ताणल्या जातात. त्यातच आसनाखाली पाण्याची बाटली, छत्री, जॅक असे काहीबाही कोंबण्याची आपल्याकडे सवय आहे. एखादी वस्तू तारेत अडकते, कनेक्टर जरासा ढिला होतो आणि दिवा पेटतो. आसन मागेपुढे केल्यावर दिवा विझत वा पेटत असेल, तर दोष तेथेच शोधावा.

दुसरे ठिकाण स्टिअरिंगखालचे. स्टिअरिंग फिरत असतानाही त्यातील एअरबॅगला वीज मिळावी, म्हणून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी केबल तेथे बसविलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग असेच म्हणतात. ती तुटली की एअरबॅगच्या दिव्यासोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरील बटणेही बंद पडतात. हॉर्न वाजेनासा झाला आणि हा दिवा पेटला, अशी जोडतक्रार असेल तर निदान जवळजवळ झालेच.

आपल्या जिल्ह्यात पाणी आणि उंदीर हीदेखील कारणे गृहीत धरावी लागतात. २२ जुलै २०२३ रोजीच्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा येथे अडकलेल्या नागरिकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर पाठवावी लागली होती. अशा पुरात गाडीच्या तळाशी पाणी शिरले की गालिचा वरून वाळतो, खालचा फेस मात्र ओलाच राहतो. कनेक्टरच्या पिना त्यानंतर हळूहळू गंजतात आणि दिवा काही महिन्यांनी पेटतो. तोवर पुराचा विसर पडलेला असतो. धान्याच्या गोदामाजवळ किंवा शेतातील गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, हे तर प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे. याउलट, बॅटरी अगदी उतरली असतानाही हा दिवा पेटू शकतो. म्हणून आधी बॅटरी तपासून घेतल्यास खर्च वाचतो.

नेमके निदान स्कॅनरवाचून होत नाही. येथे एक खबरदारी घ्यावी. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर प्रामुख्याने इंजिनाचे दोष वाचतात, एअरबॅगच्या नियंत्रकाशी त्यांचा संवाद होईलच असे नाही. ‘स्कॅन केले, काही निघाले नाही’ या उत्तरावर समाधान न मानता एअरबॅग यंत्रणा स्वतंत्रपणे तपासली का, हे विचारावे. दोष या घडीला कायम आहे की केवळ जुनी नोंद आहे, हेही स्कॅनर सांगतो. त्याची प्रत मागून जपून ठेवावी. मल्टिमीटरची टोके एअरबॅगला लावून पाहण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. मीटरच्या प्रवाहानेही ती फुगण्याचा धोका असतो. कनेक्टरला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावेच लागते, कारण नियंत्रकात साठविलेली वीज उतरण्यास वेळ लागतो. हे काम घरी करण्याचे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोष न काढता नोंद पुसली, तर दोष कायम असल्यास दिवा पुन्हा पेटतो. म्हणून काही ठिकाणी वेगळीच ‘दुरुस्ती’ केली जाते. अपघातात फुगलेली एअरबॅग नवी बसविणे खर्चाचे असते. तेव्हा वरचे झाकण तेवढे बदलायचे आणि एअरबॅगच्या जागी काही रुपयांचा रेझिस्टर जोडायचा. नियंत्रकाला अपेक्षित रोध मिळतो आणि तो फसतो. याहून सोपा उपाय म्हणजे दिवाच काढून टाकणे किंवा तो दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडणे. जुनी गाडी घेताना म्हणूनच किल्ली फिरवून हा दिवा पेटतो का आणि इतर दिव्यांपासून वेगळा, आपल्या वेळेने विझतो का, हे पाहावे. मुळीच न पेटणारा दिवा वाईट लक्षण ठरतो तो यासाठी. रेझिस्टरची फसवणूक मात्र दिव्यावरून कळत नाही. त्यासाठी स्टिअरिंग आणि डॅशबोर्डच्या झाकणाचा रंग व सांधे, तसेच विम्याच्या दाव्यांचा इतिहास पाहावा लागतो.

एअरबॅग न उघडल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. दिल्ली-पानिपत महामार्गावर २०१७ मध्ये झालेल्या अपघातात ह्युंदाई क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. या प्रकरणात न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाने वेग आणि आघाताची भौतिकशास्त्रीय गणिते मांडावीत अशी अपेक्षा करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. परंतु दिवा पेटलेला असताना महिनोन्‌महिने गाडी चालविणाऱ्याची बाजू अशा वादात दुबळी पडणार, हे उघड आहे.

विझलेला दिवा तरी सर्व काही सांगतो का? तो फक्त विजेच्या जोडण्यांविषयी बोलतो. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णता व दमटपणामुळे बिघडत असे आणि धडकेच्या वेळी धातूचे तुकडे उडत. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतात होंडानेही बोलावल्या. जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्या गाड्यांमध्ये हा दिवा पेटत नव्हता, कारण तारा शाबूत होत्या. मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकातील संभाव्य दोषासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. या बदलासाठी ग्राहकांकडून पैसे घेण्यात आले नाहीत. आपली गाडी अशा यादीत आहे काय, हे नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला दूरध्वनी करून पाहता येते. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे आवर्जून करावे. कंपनीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.