पत्ता विकणारी कंपनी

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन हे शहर आहे. तिथल्या नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवरची १२०९ क्रमांकाची इमारत म्हणजे बुटकं, पिवळ्या विटांचं साधंसं बांधकाम. २०१२ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेब मांडला, तेव्हा या एका पत्त्यावर तब्बल २,८५,००० कंपन्या नोंदलेल्या होत्या. त्यांत कोका-कोला होती, वॉलमार्टही होती. आपल्याकडे कंपनीला कार्यालयाबाहेर नावाची पाटी लावावी लागते, तीही स्थानिक भाषेत. हा नियम ऑरेंज स्ट्रीटला लावला, तर भिंती पुरायच्या नाहीत.

हा पत्ता पुरवते सीटी कॉर्पोरेशन. कायद्याच्या लेखी कंपनी ही व्यक्ती असते, पण या व्यक्तीवर दावा ठोकायचा तर समन्स द्यायचं कुणाच्या हातात? संचालक एका गावी, कारखाना दुसऱ्या राज्यात. म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी अट घातली, की कंपनीने राज्यात एक पत्ता द्यावा आणि तिच्या नावाचे कागद घेणारा एजंट नेमावा. याला म्हणतात रजिस्टर्ड एजंट. वॉलमार्टचा कारभार चालतो आर्कन्सामधून, पण तिचा जन्मदाखला डेलावेअरचा. त्यामुळे डेलावेअरमध्ये तिच्या नावाचा कागद घ्यायला माणूस लागतोच.

या गरजेचा धंदा होऊ शकतो हे फार आधी हेरलं जेम्स डिल या वकिलाने. १८८९च्या सुमारास न्यू जर्सीने एका कंपनीला दुसरीचे शेअर्स बाळगायची मुभा दिली. मक्तेदारीच्या मागे लागलेल्या उद्योगपतींना हेच हवं होतं. कायदा तयार होता. त्याचा गाजावाजा करणारं आणि गिऱ्हाइकाचं सगळं काम अंगावर घेणारं कुणी हवं होतं. १८९२ मध्ये कॉर्पोरेशन ट्रस्ट कंपनी, म्हणजे आजची सीटी, उभी राहिली. नोंदणी करून देणं, राज्यात कार्यालय दाखवणं, कागदपत्रं सांभाळणं ही तिची कामं. स्टँडर्ड ऑइल, यूएस स्टील अशी बडी धेंडं न्यू जर्सीत आली आणि राज्याची तिजोरी त्यांच्या फीवर भरू लागली. १९०५ साली लिंकन स्टेफन्स या पत्रकाराने न्यू जर्सीला थेट ‘गद्दार राज्य’ ठरवलं.

शेजारचं डेलावेअर हे सगळं पाहत होतं. १८९९ मध्ये त्याने न्यू जर्सीचा कित्ता गिरवत स्वतःचा कायदा केला आणि फी कमी ठेवली. त्याच वर्षी विल्मिंग्टनचे वकील ख्रिस्तोफर वॉर्ड आणि बँकर ऑथो नोलंड यांनी सीटीची आजची प्रतिस्पर्धी, म्हणजे कॉर्पोरेशन सर्व्हिस कंपनी, सुरू केली. पुढे १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी अध्यक्षपदाची सूत्रं घ्यायला निघण्यापूर्वी न्यू जर्सीत मक्तेदारीविरोधी सात कायदे करवून घेतले. कंपन्यांनी डेलावेअरची वाट धरली. न्यू जर्सीचं नुकसान झालं. एजंटांचं काही बिघडलं नाही. राज्य कुठलंही असो, पत्ता लागणारच.

रोजचं काम ऐकायला अगदी किरकोळ. समन्स घेऊन माणूस येतो. कारकून कागद घेतो, तारीख, वेळ आणि कागद कसा आला ते नोंदवतो, स्कॅन करतो आणि कंपनीच्या कायदा विभागाकडे धाडतो. पण संघीय न्यायालयात उत्तराला मुदत असते साधारण २१ दिवसांची, आणि ते दिवस मोजायला सुरुवात होते समन्स बजावलं त्या दिवसापासून. कागद टेबलावर पडून राहिला तर कोट्यवधींचा एकतर्फी निकाल लागू शकतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते खोलीसाठी नव्हे, या नोंदीच्या भरवशासाठी. एजंटाने काम सोडलं आणि कंपनीने वेळेत दुसरा नेमला नाही, तर डेलावेअरमध्ये तिची सनदच जाते.

१९९०च्या दशकाच्या मध्यात डच प्रकाशनसमूह वोल्टर्स क्लुवरने सीसीएच ही अमेरिकी कंपनी घेतली, तिच्याबरोबर सीटीही त्यांच्याकडे गेली. प्रकाशकाला हा धंदा परका नव्हता. दोन्हीकडे कायद्याचे कागद आणि तारखाच सांभाळायच्या.

या धंद्यावर आक्षेप आहे तो पडद्याआडच्या मालकाबद्दल. ऑरेंज स्ट्रीटचा पत्ता ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन या दोघांच्याही कंपन्यांनी वापरल्याचं २०१६ मध्ये समोर आलं. त्यात बेकायदा काही नव्हतं. पण डेलावेअरच्या नियमानुसार एजंटाकडे कंपनीच्या वतीने संपर्कासाठी एका माणसाचं नाव असलं की भागतं. तो मालकच असला पाहिजे असं नाही. खरे मालक सरकारला कळवण्याचा संघीय कायदा २०२१ मध्ये झाला खरा, पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतच स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळण्यात आलं.

पुण्या-मुंबईच्या स्टार्टअपवाल्यांनाही डेलावेअरचं नाव नवं नाही. अमेरिकी गुंतवणूकदार पैसे घालण्याआधी बहुधा डेलावेअरची कंपनी मागतात. वकील तीन-चार फॉर्म पुढे ठेवतो, त्यात एजंटाची वार्षिक फी ही लहानशी रक्कम असते. ती भरताना कुणी फारसा विचार करत नाही. पहिली नोटीस मात्र त्याच टेबलावर येऊन पडणार असते, म्हणून त्या टेबलापलीकडून ती कुणाच्या ईमेलवर जाणार, हे सही करण्याआधीच पक्कं करून घेतलेलं बरं.