एक संगणक, दोन कार्यप्रणाली

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नेहमीचे मोफत सुरक्षा-पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक मानली जाते; अनेक जुन्या संगणकांत ती नाही. त्यामुळे सुस्थितीत चालणारा संगणक भंगारात काढावा काय, असा प्रश्न अनेक घरांत उभा आहे. आमच्या मते, तसे करण्याची घाई नको. एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली सुखाने नांदू शकतात.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधील कारभारी. स्मृती कोणास किती द्यावी, फाईल कोठे ठेवावी, हे तीच ठरविते. विंडोजप्रमाणेच लिनक्स हीही कार्यप्रणाली आहे. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. उबुंटू, मिंट इत्यादी तिच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. युनिकोड मराठी तीत उत्तम चालते आणि इन्स्क्रिप्ट कळफलकही तोच असतो.

मग विंडोज ठेवावी तरी कशाला? कारण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर, हिशेबाचे जुने प्रोग्रॅम, काही विशिष्ट प्रिंटर यांना ती लागते. वर्षानुवर्षांचे काम असे अडकलेले असते. अशा वेळी दोन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग दुहेरी आरंभाचा. डिस्कचे विभाग पाडून एकात विंडोज व दुसऱ्यात लिनक्स बसवितात. संगणक सुरू होताच ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम यादी दाखवितो आणि आपण एक निवडतो. एका वेळी एकच प्रणाली चालत असल्याने यंत्राची सारी शक्ती तिलाच मिळते. म्हणून ४ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकास हा मार्ग मानवतो.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा. येथे एका प्रणालीच्या आत, खिडकीत, दुसरी प्रणाली चालते. तिची संपूर्ण डिस्क ही आपल्या लेखी केवळ एक मोठी फाईल असते. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली होती. इंटेल व एएमडी यांनी २००५-०६ च्या सुमारास प्रक्रियकातच यासाठी सोय केली, तेव्हा घरगुती संगणकांवरही हे काम सुकर झाले. व्हर्च्युअलबॉक्ससारखे प्रोग्रॅम त्यासाठी वापरतात. मात्र स्मृती दोघींत वाटली जात असल्याने निदान ८ जीबी असावी. शिकणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग निर्धोक आहे : प्रयोग फसला, तर ती फाईल पुसून नव्याने आरंभ करता येतो.

दुहेरी आरंभात खरा धोका विभाग पाडताना असतो. चुकीचा विभाग पुसला गेल्यास छायाचित्रे, प्रमाणपत्रे, हिशेब, सारे जाते. म्हणून सर्व फाईलींची प्रत आधी बाहेरील डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने लहान करावा आणि तिची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय बंद ठेवावी. आणखी एक गंमत अशी की, लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, तर विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचते. त्यामुळे लिनक्स वापरून परत आल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. हा बिघाड नव्हे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगितले की तक्रार मिटते.

काहीही बसविण्यापूर्वी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते; डिस्कला हात लागत नाही. ध्वनी, वायफाय, प्रिंटर चालतात की नाही, ते तेथेच कळते. ते जुळल्यास इंटरनेटचे सारे व्यवहार लिनक्सवर करावेत आणि जुनी विंडोज इंटरनेटशी न जोडता केवळ जुन्या कामापुरती ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी घरातील जुना संगणक मोडीत देण्यापूर्वी एवढी एक सायंकाळ त्यास अवश्य द्यावी. नवा संगणक घेणे ज्या घरास परवडत नाही, तेथील मुलाच्या अभ्यासाची काही वर्षे त्यातून निभावू शकतात.