लाल, पिवळं, हिरवं

सकाळी ८.०० : मलकापुरात महामार्गालगत कृष्णा हॉस्पिटल, आजूबाजूला आणखी दवाखाने. त्यातल्याच एकाच्या कॅज्युअल्टीत मामा वॉर्डबॉय. ठेकेदाराची माणसं, बारा तासांची पाळी, महिन्याला दहा हजार हातात. आधी ऑक्सिजन. काळं नळकांडं, पांढरा गळा. पाना फिरवून काटा बघायचा. मग स्ट्रेचर उलटा. चाकात केस आणि बँडेजचे दोरे गुंतलेत. मामा जुन्या ब्लेडने एकेक कापून काढतात.

९.१५ : दारातल्या टेबलावर सिस्टर नाडी, श्वास, शुद्ध बघते आणि रंग सांगते. लाल म्हणजे आतली खोली, व्हेंटिलेटरची. पिवळं म्हणजे पडद्यांच्या खाटा. हिरवं म्हणजे बाकडी. टाक्यांच्या खोलीला मायनर ओटी असं कुणीच म्हणत नाही. चौथा रंग काळा. त्याला खोली नाही.

११.२० : ऊसतोडीतली बाई, बीडकडची. कोयता नडगीवर बसलाय, फडकं भिजून जड झालंय. "पिवळं!" मामा स्ट्रेचर वळवतात. मुकादम मागून येतो. "हिरव्यात घ्या की, खर्च कमी हुईल."

"रंगाचं पैसं नसत्यात. टाक्यांचं असत्यात."

सात टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. मुकादम बाहेर फोनवर खाडे मोजतो.

२.१० : भाकरी, पिठलं. बाकड्यावरून एक आजोबा, "आमी आदी आलोय." खरंय त्यांचं. आधी येणं इथं कामाचं नाही, एवढंच.

४.४० : मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला माणूस. पाय सुजलाय. "लाल!" सिस्टर कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेते. काचच लागते, प्लॅस्टिक चालत नाही. वीस मिनिटं नळीला कुणी हात लावायचा नाही. मामा टेबलाजवळ उभे राहतात, नातेवाइकांना लांब ठेवत. पाच वाजून गेल्यावर डॉक्टर नळी आडवी करतात. रक्त पाण्यासारखं वाहतं. घोणस असणार. प्रतिविषाच्या दहा कुप्या. कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात त्या फुकट मिळतात. वाटेत हा दवाखाना आधी लागला.

७.३० : पेशंट वर आयसीयूत. लाल रिकामं. मामा गादी हायपोक्लोराइटने पुसतात, रात्रीच्या माणसाला सांगतात, "पिवळ्यात तीन. अकराला सापवाल्याची नळी परत."

७.५६ : आठच्या आधी अंगठा लावला तर ठेकेदार अर्धा रोज कापतो. मामा यंत्रासमोर उभे आहेत, चप्पल घालून.