परतीचे दिवस जड का जातात?

मुलगी शिकायला परदेशी निघाली की घरात काय धांदल उडते, ते तुम्हाला सांगायला नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि काट्यावर पुन्हापुन्हा चढणारी ती बॅग! जाण्याची तयारी सगळेच करतात. पण परत येण्याची? परतीचे ते शेवटचे पंधरा दिवस कसे असतात, याचा विचार मात्र कुणी फारसा करत नाही.

आमच्या वन्संची मुलगी २०२५ च्या उन्हाळी सत्रासाठी जर्मनीत हायडलबर्गला गेली होती. नेकार नदीकाठचं हे गाव. १३८६ साली स्थापन झालेलं तिथलं विद्यापीठ जर्मनीतलं सर्वांत जुनं. आपल्या खंडोबाचा आणि धनगरांच्या देवांचा अभ्यास करणारे सोन्थायमर तिथेच प्राध्यापक होते, हे कळल्यावर वन्संना केवढा धीर आला होता! एप्रिलमध्ये रडत गेलेली ही पोर जुलैअखेर फोनवर पुन्हा रडायला लागली. “हिला घरी यावंसंच वाटत नाही की काय?” वन्संचा चेहरा एवढासा झाला.

मैत्रिणींनो, त्या रडण्यामागचं निम्मं कारण अगदी व्यवहारातलं असतं. परीक्षा आणि बिऱ्हाड मोडणं एकाच वेळी येतं. खोली लख्ख करून ताब्यात द्यायची. ओव्हन, फ्रीज, खिडक्या, सगळं. घरासाठी भरलेली अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते आणि खोलीची मोडतोड असेल तर त्यातून पैसे कापले जातात. शिवाय ती त्याच दिवशी हातात पडत नाही, म्हणून तिथलं बँकेचं खातं घाईने बंद करू नये. देश सोडताना नगरपालिकेच्या कचेरीत तसं कळवावं लागतं. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी किंवा नंतर दोन आठवड्यांच्या आत. त्याचा दाखला जपून ठेवायचा. विमा वगैरे बंद करताना तो विचारतात. आणि रविवारी दुकानं बंद! तेव्हा मुलीला महिनाभर आधीच यादी करायला सांगा. गुणपत्रिका मागाहून कुठे आणि कशी येणार, हेही विचारून ठेवायला लावा.

मग येतं सामान. तेवीस किलोंत चार महिने कसे बसवायचे? भाचीने नेलेला कुकर तिथल्याच एका मुलीला दिला. साठलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या, की प्रत्येकीचे पंचवीस सेंट परत. त्या पैशांतून तिने मैत्रिणींना शेवटचा चहा पाजला. “मामी, कुकर देताना फार वाईट वाटलं गं,” ती म्हणाली.

वाईट कुकरचं वाटलं नव्हतं, हे उघड आहे. हे उरलेलं निम्मं कारण. लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची पाहणी करून दाखवलं, की परक्या देशात मन आधी वर असतं, मग खाली जातं आणि पुन्हा वर येतं. गुलाहॉर्न पतिपत्नींनी १९६३ साली त्यात भर घातली: घरी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा एकदा होतो. म्हणजे नवा देश अंगवळणी पडावा, आणि तेवढ्यात निघायची वेळ यावी!

हे समजायला आपल्याला पुस्तकं कशाला हवीत? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहायला गेलात ते दिवस आठवा. आई तीच, ओटा तोच. पण डब्यांच्या जागा बदललेल्या. आणि सासरच्या स्वयंपाकघरात, कुरकुरत का होईना, आपला हात बसलेला. माहेरावरची माया काही कमी झाली नव्हती. आपण मात्र पूर्वीच्या राहिलो नव्हतो. ही मुलंही चार महिने स्वतःचं घर चालवून येतात.

तर मग आयांनी काय करावं? शेवटच्या आठवड्यात “कधी येतेस?” एवढंच न विचारता “तिथलं काय सोडवत नाहीये?” हेही विचारावं. तिकडे रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दीड. तेव्हा वेळ आधी ठरवून घ्यावी, म्हणजे पेंगत बोलणं नको. आल्याआल्या नातेवाइकांची रीघ लावू नये. चार दिवस झोपू द्यावं. “तिकडे असं नसतं” हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येईल. तो आपल्या घराचा अपमान नाही, बरं का! तिला एखादा दिवस स्वयंपाकघर देऊन टाकावं, विजेच्या बिलाचं, बँकेचं काम सोपवावं. जी मुलगी परक्या गावात कचेऱ्या पालथ्या घालून आली, तिला इथे “तुला नाही जमायचं” म्हणू नये.

वन्संनी फोनवर हाच प्रश्न विचारला, तेव्हा पोर पाऊण तास बोलत होती. नऊ वाजेपर्यंत रेंगाळणारा उजेड, सामाईक स्वयंपाकघर, थालीपीठ मागून खाणारी शेजारीण. आईला न सांगितलेलं तिचं सगळं जगच बाहेर आलं. घरी यायची ओढ आणि तिथून निघायचं दुःख एकाच मनात मावतं, मैत्रिणींनो. आपल्याला हे माहीत आहे. आपल्या लेकीलाही ते असू द्यावं.